नळदुर्गचं पाणी, साहेबाचा कॅमेरा आणि आपण



आपल्या अणदूरचा खंडोबा दरवर्षी गाव बदलतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. देवळं दोन, मूर्ती एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. बाहेरचा माणूस हे ऐकून चकित होतो, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. देव निघाला की त्याच्यामागं आपणही निघतो. मार्गशीर्षात इथली जत्रा, पौष पौर्णिमेला नळदुर्गची. आपल्या सासवा तो रस्ता डोक्यावर नैवेद्याची दुरडी घेऊन पायी चालायच्या.

एवढं येणंजाणं असताना आमच्या गटाच्या मिटिंगमध्ये मी एकदा विचारलं, नळदुर्गचा किल्ला आत जाऊन कुणी कुणी बघितलाय? तेराजणींत चार हात वर आले. त्यातली एक शाळेच्या सहलीत गेली होती. दोघी पाहुण्यांबरोबर गेल्या होत्या. चौथी गेली होती ती गवत काढायच्या रोजंदारीवर. बाकी नऊजणी त्याच तटाच्या बाजूनं एसटीतून दवाखान्याला, बाजाराला, माहेराला शेकडो वेळा गेलेल्या. उतरून आत जायचं म्हणजे त्याला काहीतरी कारण पाहिजे ना! देवाला जायला कारण लागत नाही, दगड बघायला लागतं.

म्हणून आज मी इतिहास सांगणार आहे तो राजांच्या लढायांचा नाही. नुसतं बघायला म्हणून प्रवास करणाऱ्यांचा, आणि बघितलेलं कागदावर, काचेवर उतरवून नेणाऱ्यांचा. आपल्या भागात असे लोक बरेच येऊन गेले. ते काय घेऊन गेले आणि आपण त्या चित्रात कुठं आहोत, हे जरा बघू.

सुरुवात नळदुर्गपासूनच करू. हा किल्ला मूळचा कल्याणीच्या चालुक्यांच्या वेळचा मानतात. पुढं तो बहमनींकडं आणि मग विजापूरच्या आदिलशाहीकडं आला. आज दिसतो तो दगडी तट बराचसा आदिलशाहीतला. बोरी नदीला वळवून किल्ल्याच्या संरक्षणात घेतलंय. तटाला शंभराच्या वर बुरूज आहेत, त्यात उपळी बुरूज सगळ्यांत उंच. समोर नदीपलीकडं रणमंडळ नावाचा दुसरा छोटा किल्ला. आणि त्या दोन्हींच्या मध्ये नदीवर धरणाची भिंत.

त्या भिंतीच्या पोटात महाल आहे! इब्राहिम आदिलशहा दुसरा, ज्यानं १५८० ते १६२७ राज्य केलं, त्याच्या काळात १६१३ साली हे काम झालं. बांधणाऱ्या कारागिराचं नाव मीर इमादीन सांगतात. आत फारसीत शिलालेख आहे. आपल्याकडं किती मोठमोठी कामं झाली, त्यातल्या किती गवंड्यांची नावं आपल्याला माहीत आहेत? इथं निदान एक नाव राहिलं.

याची रचना समजून घ्या. धरणाच्या भिंतीवरून आत उतरायला जिना आहे. उतरलं की भिंतीच्या मधोमध खोल्या आणि सज्जा. पावसाळ्यात वरचं बोरी धरण भरलं की पाणी या बांधावर येतं आणि दोन सांडव्यांवरून खाली कोसळतं. एकाला म्हणतात नर, दुसऱ्याला मादी. आपण सज्जात उभं असतो आणि पाण्याचा पडदा समोरून खाली जातो, अंगावर मात्र थेंब येत नाही, आले तर तुषार. खालचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. हा महाल राहायला नव्हता. तो कोठार नाही, मशीद नाही, तोफेची जागाही नाही. तो फक्त बसून पाणी बघायला बांधला. इब्राहिमशहा स्वतः गाण्याबजावण्याचा शौकीन, ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा संगीतावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. असा राजा किल्ल्याच्या धरणात, जिथं शत्रू अडवायचा तिथं, बघायची खिडकी ठेवतो. शिलालेखाचा अर्थ सांगतात तोही बघण्याविषयीच आहे: हा बांध बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि वैऱ्यांचे अंधारतील.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडं ‘हौस’ म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, पैसा जास्त झाला का? इथं चारशे वर्षांपूर्वी एवढा दगड, एवढी माणसं, एवढी वर्षं हौसेपायी लागली आणि आज आपण तिला वारसा म्हणतो. ती हौस राजाची होती, एवढाच फरक. दगड वाहणाऱ्यांत बायाही असणार. धरणाच्या कामावर आजही पाटी बाईच्याच डोक्यावर असते.

१६८६ साली औरंगजेबानं विजापूर घेतलं, आदिलशाही संपली. पुढं हा मुलूख निजामाकडं गेला. आणि मग १८५३ साली निजामाकडून काही जिल्हे इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी घेतले, त्यात वऱ्हाड होतं, रायचूरचा दुआब होता आणि आपला नळदुर्ग जिल्हाही होता. हो, आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा नळदुर्गच होतं. या जिल्ह्याचा कारभार बघायला आला मेडोज टेलर.

हा टेलर पंधरा-सोळा वर्षांचा असताना १८२४ साली इंग्लंडहून मुंबईला आलेला, निजामाच्या नोकरीत वाढलेला. तो लिहायचा आणि चित्रंही काढायचा. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली निघाली आणि विलायतेत खूप गाजली. इथं त्याचं काम होतं मोजणी, महसूल, न्यायनिवाडा. पण त्याची नजर भटक्याची होती. किल्ला, डोंगर, देवळं, जत्रा सगळं तो बघत होता. १८५७ साली त्याची बदली बुलढाण्याला झाली. नंतर विलायतेला गेल्यावर १८६३ साली त्यानं एक कादंबरी छापली, तिचं नाव ‘तारा’. ही तारा कुठली? आपल्या तुळजापूरची! तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली मुलगी, शिवाजी महाराज आणि अफझलखानाच्या काळातली. लंडनमध्ये बसून लोक तुळजापूरच्या मुलीची गोष्ट वाचत होते आणि इथल्या मुलीला अक्षरओळख नव्हती. हा दोष एकट्या टेलरचा म्हणता येणार नाही. पण माझ्या मनात येतं, आपल्याविषयी पहिल्यांदा लिहिलं कुणी, वाचलं कुणी? १८६० साली इंग्रजांनी हा जिल्हा निजामाला परत दिला. टेलरचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली त्याच्या मुलीनं प्रसिद्ध केलं. नळदुर्गची त्याची वर्षं त्यात आहेत.

टेलर इथं होता त्याच काळात कॅमेरा मुंबईत पोचला होता. फोटोची विद्या फ्रान्समध्ये १८३९ साली जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफरांची सोसायटीसुद्धा निघाली. म्हणजे रेल्वे ठाण्यापर्यंत धावली त्याच्या पुढच्याच वर्षी.

तेव्हाचा फोटो म्हणजे आजच्यासारखं खिशातून काढलं आणि टिपलं असं नव्हतं. काचेची पाटी घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून सारखं पसरायचं, जसं आपण धिरड्याचं पीठ तव्यावर फिरवतो तसं. मग अंधारात ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतला की ती वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात दहा मिनिटं ओलं काय राहतं, सांगा बरं! शेवया क्षणात वाळतात. म्हणून या लोकांबरोबर अंधाराचा तंबू असायचा, काचांच्या पेट्या असायच्या, औषधांच्या बाटल्या आणि धुवायला पाणी. सॅम्युअल बोर्न नावाचा एक इंग्रज फोटोग्राफर १८६४ साली काश्मीरच्या डोंगरात गेला, तर त्याच्याबरोबर चाळीसहून जास्त हमाल होते. पुस्तकात त्याला धाडसी प्रवासी म्हणतात. असेलही. पण पेटी घेऊन त्याच वाटेनं त्याच्या पुढंमागं चढलेले चाळीस जण कोण होते?

आपल्या मराठवाड्यात असा एक जण येऊन राहिला तो रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतला अधिकारी, चित्रकार. ईस्ट इंडिया कंपनीनं १८४४ साली त्याला अजिंठ्याला पाठवलं, लेण्यांतल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहायचा. जंगल, वाघ, हिवताप, अंधारी लेणी. काम थोड्या वर्षांचं म्हणून आलेला माणूस पुढची पस्तीस वर्षं इकडंच राहिला आणि १८७९ साली मेला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिल बरोबर गावातली एक बाई राहत होती, पारो. सिनेमामुळं आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळं तिचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती १८५६ साली वारली. गिलनं तिच्यासाठी अजिंठ्यात दगड बसवला, तिचं नाव आणि २३ मे ही तारीख कोरून. त्या काळात आपल्या भागातल्या साध्या घरातल्या बाईचं नाव दगडावर येणं ही गोष्ट लहान नाही. सिनेमात तिची प्रेमकथा झाली, गाणी झाली. मला मात्र दुसरंच दिसतं. परक्या माणसाबरोबर राहणाऱ्या बाईला त्या काळी गावानं काय काय ऐकवलं असेल! ती लेण्यात दिवा धरून उभी राहिली असेल की नाही, हे सिनेमावाले ठरवतात. तिच्या तोंडचं एक अक्षर मागं राहिलेलं नाही.

त्याच सुमाराला गिलनं ब्रश ठेवून कॅमेरा हातात घेतला. जुळे फोटो घ्यायचा तो. एकाच देखाव्याचे किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवून दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितले की खरोखरचं खोल दिसतं. १८६४ साली लंडनमध्ये त्याच्या फोटोंची पुस्तकं निघाली. ज्यांनी समुद्र ओलांडला नव्हता असे लोक आपल्या दिवाणखान्यात बसून वेरूळ-अजिंठा फिरून आले.

आणि त्यानं रंगवलेल्या नकलांचं काय झालं? लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या लावल्या होत्या. १८६६ साली तिथं आग लागली आणि वीस वर्षांची बहुतेक सगळी मेहनत जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स सरांबरोबर येऊन पुन्हा नकला करायला बसले. तेरा वर्षं काम चाललं. १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळ गेल्या. घरात ज्या वस्तूला जपून कुलुपात ठेवावं तीच चोरीला जावी, तशी गत. मूळ चित्रं मात्र इथं अंधारात, वटवाघळांत, राहिली. आणि रंग उठून दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी भिंतीवर जे व्हार्निश लावलं होतं, ते पुढं पिवळं पडून त्याच चित्रांना बाधलं. बघणाऱ्याचा हात लागला की वस्तूवर काहीतरी राहतंच. नळदुर्गच्या महालात भिंतीवर खिळ्यानं कोरलेले बदाम आणि बाण बघाल तेव्हा हे आठवा.

निजामाच्या राज्यात मोठा फोटोग्राफर झाला तो लाला दीनदयाळ. मूळचा उत्तरेचा, रुडकीला शिकलेला, इंदूरला नोकरी केलेला. पुढं तो हैदराबादच्या सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर झाला. वाघाच्या शिकारी, राजवाडे, दुष्काळ, लेणी असं सगळं त्यानं टिपलं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. १८९२ साली त्यानं हैदराबादेत फक्त बायकांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, पुरुषाला आत मज्जाव, आणि फोटो काढणारीही बाईच. केनी-लेविक नावाची एक इंग्रज बाई तो चालवायची. पडद्यातल्या बेगमांना, सरदारांच्या लेकीसुनांना तिथं निवांत फोटो काढून घेता यायचा. आपला जिल्हा तेव्हा त्याच राज्यात, राजधानी तीच. आपल्या पणज्यांना तिथली पायरीसुद्धा दिसली नसणार, तो खर्च सरदारांचा होता. तरी सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला, की बाईसमोर कॅमेरा कुणी धरायचा यानंही फरक पडतो.

आपल्या घरातल्या बायांचा पहिला फोटो कधीचा? मी गावात विचारत फिरले तेव्हा उत्तरं गमतीची आली. कुणाच्या आजीचा एकच फोटो, तोही लग्नातल्या मोठ्या फोटोतून कापून मोठा केलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धा हात. कुणाचा जत्रेतल्या तंबूत, मागं पडद्यावर ताजमहाल नाहीतर विमान. बऱ्याच जणींचा पहिला फोटो सरकारी. १९९३ पासून मतदार ओळखपत्र सुरू झालं आणि ज्या बाईनं जन्मात कॅमेरा बघितला नव्हता तिला शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवून सांगितलं, पदर मागं घ्या, कान दिसू द्या, हलू नका. त्या कार्डावर आपण ओळखू येत नाही असं सगळ्याच म्हणतात.

त्याच १९९३ सालचा ३० सप्टेंबर इथं कुणी विसरलेलं नाही. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यात आपल्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही होती. मी तेव्हा अगदी लहान. माझी आई सांगते, मदतीच्या गाड्यांच्या बरोबरीनं कॅमेऱ्याच्या गाड्या आल्या. त्या फोटोंमुळंच देशभरातून, परदेशातून मदत आली, हे खरं. पण ढिगाऱ्यापुढं बसलेल्या ज्या बाईचा फोटो गावोगाव छापून आला तिला कुणी विचारलं होतं का? त्या दिवशी तिच्या डोक्यावर पदर नव्हता. आई म्हणते, आमच्या ओळखीतल्या एकीनं तो पेपर पुढं कित्येक वर्षं चुलीपुढच्या फडताळात उलटा घालून ठेवला होता. फेकवत नव्हता, कारण मागं पडलेलं घर तिचंच होतं. त्या घराचा दुसरा फोटो नव्हता.

भूकंपानंतर घरं पुन्हा बांधताना गावागावांत बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं, आणि बाया सिमेंट, गज, पाया यांचं बोलायला लागल्या. या भागातल्या पुष्कळ गटांची मुळं तिथं आहेत. तो विषय मोठा आहे, एखाद्या वेगळ्या कार्यक्रमात बोलू.

कॅमेऱ्याकडं परत येते. १८८८ साली अमेरिकेत कोडक कंपनीनं हातात मावणारा कॅमेरा काढला, १९०० साली एका डॉलरला मिळणारा. काचा, तंबू, हमाल सगळं गेलं. तेव्हापासून सहल म्हटलं की कॅमेरा आलाच. पण हातात तो कुणाच्या? बहुतेक घरात बाप्यांच्याच. बाई फोटोत उभी.

दोन बाया यातून वेगळ्या निघाल्या, त्या सांगायच्याच आहेत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवरा बरोबर नाही, वय अठरा. अमेरिकेत डॉक्टरकी शिकल्या. १८८५ सालचा त्यांचा एक फोटो आहे, तो कुठं बघायला मिळाला तर नक्की बघा. तिघी मैत्रिणी बसल्यात, एक जपानची, एक सीरियाची आणि एक आपली आनंदीबाई. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, आनंदीबाई लुगड्यात. दूरदेशी गेलं म्हणून त्या फोटोत कुणी दुसऱ्यासारखं दिसायला गेलेलं नाही. १८८७ साली, बाविसाव्या वर्षाच्या आतच, पुण्यात त्या वारल्या.

दुसरी होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा, शिक्षण मुंबईत. देशातली पहिली बाई जिनं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढायचा धंदा केला. स्वातंत्र्याचा दिवस, नेहरू, गांधीजींचे शेवटचे विधी, सगळं तिच्या कॅमेऱ्यात आहे. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून ती दिल्लीत सायकलवर हिंडायची. गाडी घेतली तेव्हा तिचा नंबर आला डीएलडी १३, म्हणून तिनं स्वतःला नाव घेतलं ‘डालडा १३’! तुपाच्या डब्याचं नाव. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला तिनं काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. आता तुम्ही हसाल, कारण गटाचं कर्ज कुणाच्या नावावर आणि म्हैस कुणाच्या गोठ्यात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

प्रवासाचं म्हणाल तर आपल्या भागातली बाई घरात बसलेली कधीच नव्हती. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जी निघते ती पाच-सहा महिने फडात. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवर संसार, शेळी, लेकरू आणि वर ती. थंडीत पहाटे तीनला मोळी बांधणं याला धाडस म्हणत नाहीत, मजुरी म्हणतात. तिचा फोटो निघतो तो उचल घेताना आधार कार्डाबरोबर.

एवढं सगळं आमच्या मिटिंगमध्ये बोलणं झालं, आणि मग सहलीचा ठराव आला. गटाच्या व्याजातून नाही, प्रत्येकीनं आपले पैसे घालून, असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं. तरी घरोघर वाद झाला. एकीच्या सासऱ्यांनी विचारलं, तिथं देव कुठला? तिनं सांगितलं, देव नाही, पाणी आहे. दोघींच्या घरून निरोप आला की जायचं तर पोराला बरोबर न्या, मोबाइल त्याच्याकडं राहील. यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी पोरं बरोबर आली, मोबाइल बायांकडं राहिला.

भाद्रपदात बोरी धरण भरून वाहायला लागल्याची बातमी आली आणि आम्ही अकराजणी दोन टमटम करून गेलो. तिकीट काढलं, आत गेलो. शेवाळानं दगड निसरडे झाले होते, म्हणून चपला पिशवीत घालून हात धरून जिना उतरलो. कडेवर उभं राहून सेल्फी काढायचा नाही हे आधीच ठरलं होतं. तिथं चार पोरं काढत होती, त्यांना आमच्या सर्वांत थोरल्या मावशींनी असं झापलं की ती मागं भिंतीला जाऊन टेकली.

नियम एकच केला होता. प्रत्येकीनं एक फोटो काढायचा, आणि ज्याचा काढायचा त्याला विचारून काढायचा. दगडाला कुणी विचारत नाही, तो मोकळा. अकरा फोटो आम्ही तालुक्याला जाऊन छापून आणले, मागं काढणारीचं नाव आणि तारीख लिहून. पाच फोटोंत नुसतंच पांढरं पाणी आलंय, काही समजत नाही. एकीचा अंगठाच आलाय. जी पूर्वी तिथं गवत काढायला गेली होती, तिनं महालाचा, धबधब्याचा काढलाच नाही. तिनं वर तटावर जाऊन त्या कोपऱ्याचा फोटो काढला जिथं ती भाकरी खायला बसायची. मावशींनी फोन हातात धरला, बराच वेळ खिडकीतून बघत राहिल्या, म्हणाल्या, थांब गं, आधी बघू तर दे. त्यांचा फोटो सगळ्यांत शेवटी निघाला. त्यात सज्जाची कमान आहे, पाण्याचा पडदा आहे आणि पाठमोऱ्या आम्ही दहाजणी.

तो फोटो आता गटाच्या पेटीत, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. पुढच्या खेपेला राहिलेल्या दोघींना न्यायचं आहे. त्यांच्या घरी मी या आठवड्यात जाऊन येणार आहे.